पाळीव सापांना माइट्स लागले तर: अख्ख्या संग्रहासाठी सविस्तर धागा

निशाचर

पाण्याच्या भांड्याच्या तळाशी मिरपुडीसारखे काळे ठिपके, तासन्‌तास पाण्यात बसून राहिलेला साप, आणि साप हाताळून झाल्यावर मनगटावर चालणारा बारीक काळा जीव. हे तिन्ही एकत्र दिसलं की सापांचे माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक परजीवी, आहेत असं धरूनच चाला. शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. रक्त प्यायलेली मादी एक मिलिमीटरच्या आसपास असते, नुसत्या डोळ्यांना दिसते, आणि पांढऱ्या कागदावर चिरडली तर लालसर डाग पडतो. अंगावर बघायच्या जागा म्हणजे डोळ्याभोवतीची कड, हनुवटीखालची घडी, अजगर-बोआंच्या ओठांवरचे उष्णता ओळखणारे खळगे, आणि शेपटीच्या सुरुवातीला गुदद्वाराजवळचे खवले. गडद रंगाच्या सापावर जीव दिसत नाहीत, त्यांची पांढरी धुळीसारखी विष्ठा मात्र दिसते.

आता मुद्द्याचं. अंगावर जेवढे माइट्स दिसतात त्याहून कितीतरी जास्त पेटीत असतात. मादी पोटभर रक्त प्यायली की साप सोडते, वर चढते, आणि अंधाऱ्या दमट फटीत अंडी घालते: झाकणाची कड, स्क्रूचं भोक, लपण्याच्या खोक्याचा आतला कोपरा. आयुष्यात साठ-ऐंशी अंडी. २५ ते ३० अंश सेल्सिअसला अंडी एक ते चार दिवसांत फुटतात. त्यातून आलेली सहा पायांची अळी काहीच खात नाही, दिवसाभरात ती पुढच्या अवस्थेत जाते. ही पुढची अवस्था, म्हणजे प्रोटोनिम्फ, रक्त पिते. त्यानंतरची ड्यूटोनिम्फ पुन्हा उपाशी, साधारण एका दिवसाची. मग प्रौढ, आणि प्रौढ पुन्हा रक्तावर. अंड्यापासून प्रौढापर्यंत सारं मिळून १३ ते १९ दिवस.

म्हणजे पाचांपैकी दोनच अवस्था सापावर येतात. बाकीच्या तिघींना सापाची गरजच नाही. सापाला कितीही चोळा, अंडी फटीत सुरक्षित राहतात आणि दोन आठवड्यांनी ‘परत आले’ म्हणून आपण औषधाला दोष देतो. मादीला नर मिळाला नाही तरी ती अंडी घालते, त्यातून फक्त नर निघतात आणि पुढे त्याच नरांशी तिचा संयोग होऊ शकतो. म्हणून ‘एकच दिसला, काढून टाकला’ यावर विसंबू नका.

पाहुणा_नवा

माझ्याकडे सहा साप आहेत आणि माइट्स फक्त एकावर दिसताहेत. बाकी पाच पेट्या तशाच ठेवल्या तर चालेल का?

रॅकवाला

नाही. एकाच खोलीतले सगळे साप बाधित धरायचे आणि सगळ्यांचा उपचार त्याच दिवशी सुरू करायचा. हे जीव एका टबातून निघून शेजारच्या टबात चालत जातात. रॅकमध्ये, म्हणजे एकावर एक टब सरकवून ठेवायच्या मांडणीत, तर वरचा-खालचा टब हाताएवढ्या अंतरावर असतो. हात, हुक (साप उचलायचा आकडा), चिमटे, बाह्या यांवरूनही जातात. आज साफ दिसणाऱ्या पाचांपैकी एखाद्यात चार-सहा माद्या असल्या तरी त्या वरवर बघून सापडत नाहीत.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी निरोगी दिसणारे साप, शेवटी बाधित. बाधिताला हात लावून झाल्यावर निरोगीकडे परत जायचं नाही, कपडे बदलून अंघोळ करायची. प्रत्येक पेटीचं पाण्याचं भांडं तिचंच. चिमटे आणि हुक वापरून झाले की गरम पाण्यात.

निशाचर

पहिल्या दिवसाचं काम सविस्तर लिहितो, कारण इथे केलेली घाई पुढे महिनाभर नडते.

साप झाकण नीट बसणाऱ्या, हवेची भोकं असलेल्या साध्या प्लॅस्टिकच्या टबात काढा. पेटीतलं भरण, म्हणजे भुसा, नारळाची साल, शेवाळ, जे असेल ते, पेटीच्या तोंडाशीच पिशवीत भरून गाठ मारा आणि लगेच घराबाहेर. खोलीत उघडी पिशवी ठेवून पुढच्या पेटीकडे वळू नका. लाकडाचे ओंडके, कॉर्कची साल, खोट्या वेली यांच्या भेगा कशानेही पुऱ्या साफ होत नाहीत, टाकून देणं उत्तम. ठेवायचंच असेल तर ओव्हनमध्ये साधारण १०० अंशांवर तासभर, समोर उभं राहून. ओव्हनमध्ये मावत नसेल तर डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर.

पेटी आणि प्लॅस्टिकचं सामान ५५ ते ६० अंशांच्या पाण्याने. या तापमानाला माइट्स काही सेकंदांत मरतात, पण उष्णता फटीच्या आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून दहा मिनिटं बुडवून ठेवा. बुडवता येत नाही अशा लाकडी पेटीला वाफेचं यंत्र, कोपऱ्यांत आणि सरकत्या काचेच्या खाचेत सावकाश फिरवायचं. ब्लीच, क्लोरहेक्झिडिन ही जंतुनाशकं आहेत. स्वच्छतेसाठी वापरा, माइट्ससाठी त्यांच्यावर भरवसा ठेवू नका.

मग पेटीत फक्त पांढरा टिश्यू पेपर, एक पाण्याचं भांडं, आणि लपायला पुठ्ठ्याचं खोकं. पेपर आणि खोकं दर दोन-तीन दिवसांनी फेकायचं. त्या खोक्यात घातलेली अंडी फुटायच्या आधीच किंवा फुटता फुटता बाहेर जातात, हा या साधेपणाचा सगळ्यात मोठा फायदा. पांढऱ्या कागदावर मोजदादही होते: काल किती ठिपके, आज किती.

रॅकवाला

रॅक असेल तर टब धुऊन काम संपत नाही, रॅक उकलावा लागतो. टब ज्या पट्टीवर सरकतो ती पट्टी, टबाचा दुमडलेला काठ, हीट टेपची (ऊब देणाऱ्या विजेच्या पट्टीची) खाच, तापमान मोजणाऱ्या प्रोबची वायर जिथून आत येते ते भोक, आणि मागच्या फळीचा सांधा, या पाच जागा हमखास सुटतात. हीट टेप आणि थर्मोस्टॅटची वीज बंद करूनच वाफ मारा, वायरींच्या आसपास वाफ नकोच, तिथे कोरडा ब्रश आणि व्हॅक्यूम.

लॅमिनेट केलेल्या भुशाच्या फळ्यांचे कापलेले काठ उघडे राहिले असतील तर साफसफाईनंतर ते सिलिकोनने बंद करा. बुरशीरोधक घातलेलं बाथरूमचं सिलिकोन नको, मत्स्यटाकीसाठी मिळतं ते घ्या, आणि आंबट वास पूर्ण जाईपर्यंत साप आत नको. रॅकच्या पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि रॅक भिंतीपासून सुटा ठेवला की एका रॅकवरून दुसऱ्यावरची ये-जा बरीच थांबते. दुहेरी चिकटपट्टी रॅकच्या बाहेरच्या बाजूला लावा, टबाच्या आत कधीही नाही. पट्टीला चिकटलेला साप सोडवताना कातडी निघते.

पाहुणा_नवा

पाण्यात बुडवून ठेवल्याने माइट्स मरतात ना? रोज अंघोळ घातली तर औषधाची गरज उरेल का?

रॅकवाला

पाण्याखाली राहिले ते मरतात. पण सापाचं डोकं पाण्याबाहेर असतं आणि माइट्स तिकडेच सरकतात. अर्ध्या तासानंतर डोळ्यांभोवती आणि हनुवटीखाली गर्दी झालेली असते. अंघोळीने संख्या घटते, मुळापासून जात नाहीत. माझ्या मते अंघोळीला फार महत्त्व दिलं जातं.

निशाचर

संख्या घटणं हेसुद्धा अशक्त सापासाठी कमी नाही. फक्त नीट करा. पाणी २८ ते ३० अंश, सापाच्या अंगाच्या निम्म्या उंचीएवढं, म्हणजे त्याला पोहत राहावं लागणार नाही. वीस ते तीस मिनिटं, नजरेसमोर. साध्या पाण्याच्या पृष्ठताणामुळे बरेच माइट्स तरंगतात आणि पुन्हा अंगावर चढतात, म्हणून एक लिटरला बिनवासाच्या भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. साबणाच्या पाण्यात पाचेक मिनिटंच, कारण साप पाणी पितात. नंतर साध्या कोमट पाण्यात. बाहेर काढताना ओलं फडकं मुठीत धरून साप त्यातून सरकू द्या, डोक्याकडून शेपटीकडे. हनुवटीच्या घडीत आणि डोळ्याच्या कडेला इअरबडवर एक थेंब ऑलिव्ह तेल घेऊन हलकेच फिरवा. डोळ्याच्या कडेत रुतलेला माइट चिमट्याने ओढू नका. डोळ्यावरचं पारदर्शक आवरण दुखावलं तर ते प्रकरण माइट्सपेक्षा गंभीर होतं.

अख्ख्या अंगाला तेल चोपडण्याचा उपाय मात्र सोडून द्या. घाण चिकटते आणि पुढची कात तुकड्यातुकड्यांनी निघते.

पशुवैद्य

औषधांबद्दल लिहिते. सगळ्यांना एक विनंती: एका वेळी एकच औषध. यातली बहुतेक मज्जासंस्थेवर काम करतात, आणि दोन एकत्र दिली की माइटबरोबर सापही कोसळू शकतो.

फिप्रोनिल ०.२५ टक्के फवारा कुत्र्या-मांजरांसाठी मिळतो. सापावर थेट फवारू नका. फडक्यावर मारून ते फडकं अंगावरून फिरवा, डोळे आणि तोंड वगळून. यात अल्कोहोल असतं, म्हणून हवा खेळती हवी आणि पूर्ण वाळेपर्यंत साप बंद टबात ठेवायचा नाही. दर सात ते दहा दिवसांनी पुन्हा. मानेवर सोडायच्या नळीतलं फिप्रोनिल साधारण दहा टक्क्यांचं असतं, म्हणजे याच्या चाळीसपट तीव्र. ते सापासाठी वापरायचंच नाही.

आयव्हरमेक्टिनची सापांसाठीची मात्रा किलोला ०.२ मिलिग्रॅम, दोन आठवड्यांच्या अंतराने. ऐकायला सोपं वाटतं. पण बाजारातलं एक टक्क्याचं इंजेक्शन म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. ५०० ग्रॅमच्या सापाला ०.१ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ०.०१ मिलिलिटर, इन्सुलिनच्या सिरिंजवरची एक रेघ. सुईच्या बुडात अडकणारं औषधही त्या हिशेबात फरक पाडतं. म्हणून हे पातळ करून, वजन करून, दवाखान्यातच द्यायचं. अंगावर आणि पेटीत फवारण्यासाठी लिटरभर पाण्यात ५ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच इंजेक्शनचं अर्धा मिलिलिटर, असं प्रमाण वापरतात. पण ते पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसतं आणि उजेडात निकामी होतं. न हलवता फवारलं तर आधी नुसतं पाणी पडतं आणि शेवटच्या सापाला सगळं औषध. दर वेळी ताजं करा, सतत हलवत राहा.

घरात कासव असेल तर आयव्हरमेक्टिन त्याच्या आसपासही नेऊ नका. कासवांना ते जीवघेणं आहे.

पर्मेथ्रिन ०.५ टक्के हे पेटीसाठी, सापासाठी नाही. साप आणि पाण्याचं भांडं बाहेर काढून कोरड्या पेटीत हलका थर, मग दार उघडं ठेवून पूर्ण वाळू द्यायचं. वास जाईपर्यंत साप परत नाही. वाळलेला थर काही आठवडे काम करतो, पण पेटी धुतली की गेला. शेतीचं किंवा गोठ्याचं तीव्र औषध पातळ करून वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, माझा त्याला विरोध आहे. प्रमाण गणिताने जुळवता येतं, पण त्यातले द्रावक बंद पेटीतल्या सापाच्या फुफ्फुसासाठी बनवलेले नसतात. ओल्या पर्मेथ्रिनपासून मांजर आणि मासे दूर.

विषबाधेची लक्षणं: अंग थरथरणं, मान मागे वळून डोकं वर ताणलेलं राहणं, उलटं ठेवल्यावर सरळ होता न येणं. दिसताक्षणी कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने औषध धुऊन काढा, मोकळ्या हवेत ठेवा, आणि दवाखाना गाठा. वाट बघू नका.

अंडज

गाभण मादी आणि नुकती जन्मलेली पिल्लं यांचं काय? इथेच बहुतेक जण अडकतात.

पशुवैद्य

पिल्लं, कात टाकायला आलेला साप, पाणी कमी झालेला साप, आणि गाभण मादी, या चौघांना अंगावरची रसायनं मी टाळते. त्यांच्यासाठी कागद, रोजचा बदल, ओलं फडकं आणि अंघोळ. कात जवळ आली असेल तर थांबणं फायद्याचं: जुन्या कातडीबरोबर बरेच माइट्स जातात. कात पडल्या पडल्या पिशवीत बंद करून बाहेर टाका. पेटीत रात्रभर राहिली तर ते सगळे परत सापावर.

हिरड्या पांढरट दिसत असतील, वजन उतरलं असेल, साप हातात नेहमीसारखी पकड घेत नसेल, तर रक्त कमी झालंय. छोट्या सापात हे फार लवकर होतं. अशा वेळी आधी पाणी आणि ताकद, मग माइट्स. आणखी एक: हे जीव एका सापाकडून दुसऱ्याकडे एरोमोनास जिवाणू नेतात, आणि बोआ-अजगरांच्या इन्क्लुजन बॉडी डिसीज या विषाणूजन्य रोगाच्या प्रसारातही त्यांच्यावर संशय आहे. बोआ असतील तर ‘थोडेसेच आहेत’ म्हणून सोडू नका.

अंडज

अंड्यांबद्दल माझ्याकडून. अंडी घालण्याच्या डब्यातलं ओलं शेवाळ ही माइट मादीचीही आवडती जागा. अंडी मिळताच मऊ कोरड्या ब्रशने झाडा, वरची बाजू पेन्सिलीने खूण करून तशीच वर ठेवा, आणि नव्या व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारं खनिजाचं हलकं भरण) हलवा. आईच्या डब्यातलं मुठभर शेवाळसुद्धा इन्क्युबेटरमध्ये जाऊ देऊ नका. तिथली ऊब आणि ओल माइटच्या अंड्यांसाठी अगदी नेमकी असते. अंड्यांवर कुठलंही औषध नाही.

शेवाळ

माझा प्रश्न जिवंत मातीच्या पेट्यांचा आहे. आयसोपॉड आणि स्प्रिंगटेल, म्हणजे घाण खाऊन माती साफ ठेवणारे बारीक जीव, असलेली पेटी पर्मेथ्रिनने एका फवाऱ्यात मरून जाते. त्यासाठी शिकारी माइट्स हा खरा पर्याय आहे: ओल्या मातीसाठी स्ट्रॅटिओलेलॅप्स सायमिटस, ज्याला आधी हायपोआस्पिस माइल्स म्हणत. कोरड्या पेटीसाठी केलेटस एरुडिटस. दोघेही सापाला त्रास देत नाहीत, सापाच्या माइट्सना खातात. अट एवढीच की आधी औषध मारलेलं नसावं, नाहीतर हे शिकारी पहिल्याच रात्री संपतात. आणि हे काम हळू चालतं. साप माइट्सनी भरलेला असेल तर त्याला आधी कागदावर काढून संख्या खाली आणा, रिकाम्या पेटीत शिकारी सोडा.

भरणात दिसणारा प्रत्येक जीव शत्रू नसतो, हेही तपासा. फिकट पांढरे, मंद चालणारे, भरणावर आणि भांड्याच्या काठावर जमणारे ते कुजकट लाकडावर जगणारे माइट्स. उड्या मारणारे ते स्प्रिंगटेल. यांच्यासाठी सापाला औषध लावणं निव्वळ अन्याय आहे, ओल कमी केली की पुरतं.

पाहुणा_नवा

ओल कमी केल्याने सापांचे माइट्सही जातील का? आणि पेटी नुसती रिकामी ठेवली तर?

निशाचर

हवेतली ओल कमी असली तर त्यांची अंडी सुकतात, हे खरं. कॉर्न स्नेकसारख्या सापाला काही आठवडे ४० टक्क्यांच्या आसपास सोसवतं, पाण्याचं भांडं कायम असेल तर. ज्या जातींना ७०-८० टक्के लागते त्यांच्यावर हा प्रयोग नको. कात अडकते, आणि अडकलेल्या कातीखाली माइट्सना आयतं छप्पर मिळतं.

रिकाम्या पेटीचं म्हणाल तर प्रोटोनिम्फ रक्ताशिवाय सुमारे महिनाभर तग धरते. आठ दिवस गॅलरीत ठेवून ‘उपाशी मेले असतील’ म्हणता येत नाही. धुतलेली पेटीसुद्धा दोन महिने बाजूला राहू द्यावी असं मी म्हणेन.

वेळापत्रक असं: शून्य, सात, चौदा, एकवीस आणि अठ्ठावीस या दिवशी अंगावरचा ठरलेला उपचार आणि पेटीची पूर्ण सफाई, मधल्या काळात कागद बदलणं. तिसऱ्या आठवड्यात सगळं साफ दिसतं आणि लोक थांबतात. तेव्हाच उशिरा फुटलेल्या अंड्यांची पिढी मोठी होत असते. शेवटचा माइट दिसल्यापासून पुढे सहा आठवडे कागदच ठेवा, भरण आणि सजावट त्यानंतर. उपचाराच्या दिवशी खायला देऊ नका, दोन दिवस जाऊ द्या.

तपासणी रात्री टॉर्चने. दिवे बंद करून दोन तासांनी भांड्याचा काठ आणि झाकणाची आतली कड बघा, आणि ओल्या पांढऱ्या टिश्यूने साप एकदा पुसून तो टिश्यू उजेडात धरा.

रॅकवाला

नवीन साप आला की साठ ते नव्वद दिवस वेगळी खोली, पांढरा कागद, वेगळे चिमटे. दुसरी खोली नसेल तर निदान लांबचा कोपरा, आणि त्याचं काम दिवसातलं शेवटचं. जुना रॅक विकत घेतला तर तो रिकामा असला तरी वर लिहिलेली पूर्ण सफाई. भरणाच्या सीलबंद पिशव्या घ्या, उघड्यावर सापांशेजारी ठेवलेल्या नकोत. रानातला साप हाताळून आलेला माणूस आणि त्याची पिशवी थेट खोलीत येऊ देऊ नका.

पाहुणा_नवा

शेवटचे दोन. माणसाला चावतात का? आणि व्हॅक्यूममध्ये गेलेले तिथेच वाढतात का?

पशुवैद्य

चावू शकतात, खाजरे लाल पुरळ उठतात, पण माणसाच्या अंगावर त्यांचं बस्तान बसत नाही. पुरळ येत राहिलं आणि सापांवर काहीच सापडलं नाही, तर खाद्याच्या उंदरांचे पिंजरे तपासा. उंदरांवरचा वेगळा माइटही माणसाला चावतो, आणि तो सापांच्या उपचाराने जाणार नाही.

रॅकवाला

व्हॅक्यूममध्ये ते लगेच मरत नाहीत, पाइपमधून परत येतात. पिशवीचं मशीन असेल तर पिशवी त्याच वेळी काढून, गाठ मारून, बाहेर. डब्याचं असेल तर डबा साबणाच्या पाण्यात रिकामा करा, पाइपचं तोंड आणि ब्रश गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. आणि सापांच्या खोलीचं मशीन महिनाभर घराच्या दुसऱ्या खोलीत नेऊ नका.